दुकानात सुई कोणती ठेवावी?

गोधडी शिवायला काय लागते? सुई, दोरा, कात्री आणि बोटात घालायचे टोपण. यादी लहान आहे. पण बायांच्या गटाने हे सामान विकायला ठेवले आणि ते खपले नाही, तर गटाचा पैसा अडकतो. म्हणून माल कसा पारखावा, ते आपण पाहू.

आधी सुई. पाकिटावर नंबर असतो. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. गोधडीत जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर असतात. फार बारीक सुई त्यांत वाकते. पोती शिवायचा दाभण घ्यावा, तर जीर्ण कापडाला भोके पडतात. म्हणून मधली, लांब सुई घ्यावी. नेढे मोठे असावे, म्हणजे आजीबाईलाही दोरा ओवता येतो.

सुई बोटांनी हलकेच वाकवा. चांगली असेल तर पुन्हा सरळ होते. नेढ्यातून दोरा पाच-सहा वेळा ओढा. दोरा पिंजला, तर नेढे आतून खरबरीत आहे. स्वस्त म्हणून ठिसूळ सुई घेऊ नका. तिचे टोक मोडून गोधडीत राहिले आणि त्यावर तान्हे मूल निजले, तर काय होईल? वाचलेल्या दोन रुपयांचे मग काय करायचे?

दोरा ताणून पाहा. रंगीत दोरा ओला करून पांढऱ्या कापडावर दाबा. डाग पडला, तर तो घेऊ नका. कात्रीने दुहेरी कापड कापा. टोकापर्यंत कापले पाहिजे. टोपणे दोन-तीन मापांची ठेवा. सगळ्यांची बोटे सारखी नसतात.

आता हिशेब. समजा, १०० रुपयांचा माल आणला. तो १२० रुपयांना विकायचा. पण चौथा हिस्सा पडून राहिला, तर हाती ९० रुपयेच येतात. नफा तर नाहीच, उलट मुद्दलातले १० रुपये अडकले! त्यातून पावसाळ्यात सुया गंजतात. म्हणून माल थोडा आणावा. सुया कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवाव्या.

आम्ही एवढेच सांगतो. आधी चार तऱ्हेच्या सुया आणा. गावातल्या शिवणाऱ्या बायांना आठ दिवस वापरायला द्या. त्यांना जी पसंत पडेल, तीच दुकानात ठेवा.