पुस्तकाला गुण किती?

हल्लीं वाचलेल्या पुस्तकाला पांचांपैकीं अमुक तारे देण्याची पद्धत रूढ झाली आहे. आमच्या घरीं ती निराळ्या रूपानें फार पूर्वींपासून होती. माजघरांतील पुस्तकांच्या कपाटाला एक वही दोऱ्यानें बांधलेली असे. जो पुस्तक वाचील त्यानें तींत दहांपैकीं गुण मांडावे, असा आजोबांचा दंडक होता.

त्या वहींत 'कळ्यांचे निःश्वास' या नांवापुढें थोरल्या काकांच्या हातचें एक ठसठशीत शून्य होतें. शिकलेल्या अविवाहित मुलींच्या मनाची घुसमट सांगणारा हा कथासंग्रह १९३३ सालीं 'विभावरी शिरूरकर' या टोपणनांवानें निघाला, तेव्हां केवढी खळबळ उडाली हें सुविद्य वाचकांस ठाऊक आहेच. लेखिका मालतीबाई बेडेकर, हें लोकांस पुढें कळलें. आमच्याकडे मात्र त्या एका शून्यानें पुस्तक वरच्या फळीवर गेलें, आणि तेथेंच राहिलें.

आमच्या आत्यानें लग्न केलें नव्हतें. शाळेंत शिकवून तिनें धाकट्या भावांचीं शिक्षणें पार पाडलीं. निवृत्त झाल्यावर एकदां कपाट झाडतांना तें पुस्तक तिच्या हातीं लागलें. दोन रात्रींत वाचून तिनें शून्याखालीं लिहिलें, "गुण देत नाहीं. हें मला तिसाव्या वर्षीं कोणी वाचावयास दिलें असतें, तर बरें झालें असतें."

दुसऱ्या दिवशीं त्याखालीं काकांचें अक्षर दिसलें: "मीं न वाचतांच गुण दिला होता."

तेव्हांपासून आमच्या वहींत आंकडा मांडणें बंद झालें. आंकड्याला कारण द्यावें लागत नाहीं, आणि वडीलधाऱ्यांच्या आंकड्याला तर कोणी कारण विचारीतही नाहीं. आतां प्रत्येकानें दोनच गोष्टी लिहावयाच्या: पुस्तकांत मला काय सांपडलें, आणि घरांतील कोणीं तें आवर्जून वाचावें. दुसरा प्रश्न अधिक कठीण. त्याचें उत्तर देण्यास पुस्तकाइतकेंच घरांतलें माणूसही वाचलेलें असावें लागतें.

वाचकहो, आपल्या कपाटालाही अशी एक वही बांधून पाहावी. गेल्या दिवाळींत माझ्या नातीनें तेंच पुस्तक वाचलें. "कोणीं वाचावें" या रकान्यांत तिनें एकच शब्द लिहिला आहे: "बाबांनीं."