धातुकथा – भाग ९ : धूर होऊन निसटणारे जस्त

मागच्या भागात आपण लोखंडाच्या भट्टीपाशी होतो. आच वाढवत न्यावी, भाता जोरात चालवावा, म्हणजे खनिजातून धातू हाती येतो, हे तिथले सूत्र. आजच्या धातूपुढे ते चालत नाही. जस्त आपल्या रोजच्या वापरात आहे : घरावरच्या पत्र्याचा गंज तेच रोखते, देवघरातल्या पितळी समईत तांब्याच्या जोडीला तेच असते. तरीही शुद्ध रूपात माणसाच्या हाती ते फार उशिरा आले.

अडचण त्याच्या स्वभावातच आहे. जस्ताच्या भाजलेल्या खनिजातला ऑक्सिजन कोळशाने ओढून घ्यायचा, तर भट्टीत हजार अंश सेल्सिअसच्या वर आच लागते. जस्त मात्र ९०७ अंशांनाच उकळते. म्हणजे खनिजातून सुटते त्याच क्षणी ते वाफ झालेले असते. ही वाफ भट्टीच्या तोंडाशी हवेला भिडली की निळसर-हिरव्या ज्योतीने पेट घेते आणि पांढऱ्या, कापसासारख्या राखेत बदलते. ती राख म्हणजे पुन्हा जस्ताचे ऑक्साइडच. दिवसभर भट्टी पेटती ठेवूनही तळाशी धातूचा थेंब सापडायचा नाही.

पितळ त्याच्या कितीतरी आधीपासून होते, आणि त्याचे कारण मोठे रंजक आहे. तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा बंद मुशीत घालून तापवले, की सुटणारी वाफ बाहेर पडण्याऐवजी तांब्यातच मुरते. रोमन लोकांनी अशा पितळेची नाणी पाडली. जस्त नावाचा वेगळा धातू या कारागिरांना बघायलाही मिळत नव्हता. या रीतीला एक मर्यादाही होती : तांब्यात जस्त मुरायचे ते साधारण २८ टक्क्यांपर्यंतच. त्याहून जास्त हवे, तर जस्त सुटे करून वितळलेल्या तांब्यात घालायला हवे.

ते सुटे करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर जमले ते राजस्थानात, उदयपूरच्या दक्षिणेला अरवलीच्या डोंगरात वसलेल्या जावरला. इथल्या खाणी दोन हजार वर्षांहून जुन्या आहेत; खाणीत सापडलेल्या लाकडांच्या कार्बन-कालमापनातून ते सिद्ध झाले. भट्ट्यांचा शोध लागला १९८३ मध्ये. बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ, ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांनी मिळून केलेल्या उत्खननात, शेवटचे घाणे उतरल्यानंतर जशाच्या तशा राहिलेल्या मध्ययुगीन भट्ट्या मातीखालून वर आल्या.

त्यांची रचना पाहिली की मन थक्क होते. प्रत्येक भट्टीला दोन मजले. मधे भोके पाडलेल्या भाजक्या मातीच्या विटांची जमीन. वरच्या मजल्यावर वांग्याच्या आकाराच्या ३६ मुशी, सहा रांगांत सहा-सहा, तोंडे खाली करून उभ्या केलेल्या. प्रत्येक मुशीच्या तोंडाला मातीची नळी चिकटवलेली आणि ती नळी भोकातून खालच्या मजल्यात उतरलेली. अशा सात भट्ट्या एका ओळीत आढळल्या, म्हणजे एका वेळी २५२ मुशी.

मूस उलटी उभी करायची, तर आतला माल खाली घसरणार. त्यासाठी भाजलेले खनिज इतर जिनसांत कालवून त्याच्या लहान गोळ्या वळत आणि मुशीच्या गळ्यात एक काडी खोचत. गोळ्या एकमेकींना धरून घट्ट होईपर्यंत काडी त्यांना थोपवून धरी; मग स्वतः जळून जाई आणि तिच्या जागी वाफेला उतरायला वाट राही. उत्खननातल्या कित्येक मुशींत त्या काडीचे पोकळ भोक अजून दिसते. ज्या कुणाला हे सुचले, त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

खरी कसोटी खालच्या मजल्यावर लागे. वर जाळ धगधगत असताना खाली हातभर अंतरावर ऊब मोजकीच हवी. ती ४२० अंशांच्या खाली गेली तर वाफेची भुकटी होते. फार वाढली तर वाफ द्रवात उतरतच नाही. साधारण पाचशेच्या आसपास ती राखली तरच जस्ताचे थेंब खाली ठेवलेल्या भांड्यात ठिबकत राहतात. तापमापक नसताना, एकाच विस्तवाच्या वर आणि खाली अशा दोन वेगळ्या आचा या माणसांनी सांभाळल्या. दिल्लीच्या लोहस्तंभाचे कौतुक आपण पिढ्यान्‌पिढ्या करतो, ते योग्यच आहे. तरी माझ्या मते भारतीय धातुकामातला सर्वांत मोठा पराक्रम जावरचा आहे.

मुशी एकदाच वापरता येत. त्यामुळे जावरला त्यांचे डोंगर साचले, आणि गावकऱ्यांनी त्याच काळपट मुशी रचून घरांच्या भिंती उभारल्या.

संस्कृत रसशास्त्रात या कृतीची नोंद आहे. पुण्याच्या आनंदाश्रमाने छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ या ग्रंथात वांग्याच्या आकाराची मूस, तिला जोडायची नळी आणि त्यातून उतरणारे जस्ताचे सत्त्व यांचे वर्णन येते. ग्रंथ वाचून भट्टी उभी राहिली, की भट्टी पाहून ग्रंथकाराने लिहिले? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. गळ्यातल्या काडीसारख्या युक्त्या हातानेच सापडतात.

युरोपात जस्ताचे व्यापारी उत्पादन सुरू केले ते ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनने. त्याचे पेटंट १७३८ चे. त्याच्याही भट्टीत वाफ वर न जाता खालीच उतरवलेली होती. जावरची कृती त्याच्या कानावर गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. लेखी पुरावा मात्र नाही.

इकडे जावरच्या भट्ट्या एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विझल्या. शिंदे-होळकरांच्या फौजांनी आणि पेंढाऱ्यांनी मेवाड आधीच पिळून काढला होता. त्यावर १८१२ चा दुष्काळ पडला. या उद्योगाच्या शेवटात मराठी फौजांचाही वाटा आहे, हे आपण मान्य करायला हवे.

जावरच्या डोंगरात विसाव्या शतकात पुन्हा खाणकाम सुरू झाले, ते आजही चालू आहे. जगातले बहुतेक जस्त आता खनिज भाजून, ते आम्लात विरघळवून आणि त्या द्रावणातून वीज सोडून मिळवतात. त्या रीतीत जस्ताची वाफ होतच नाही.

(पुढील भागात : कथील आणि कल्हई)