घरांच्या दलालाचा परवाना

घर विकत घेणें हा बहुतेक माणसांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा सौदा असतो, आणि तो बहुधा एका तिऱ्हाइताच्या मध्यस्थीनें होतो. या तिऱ्हाइताच्या हातीं परक्याचा पैसा येतो, परक्याचे कागद येतात, आणि घेणारास ठाऊक नसलेल्या कित्येक गोष्टी त्याला ठाऊक असतात. म्हणून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं प्रत्येकानें या धंद्यास परवान्याची अट घातली आहे. हा परवाना मध्यवर्ती सरकारचा नव्हे, त्या त्या संस्थानाचा. त्यामुळें कॅलिफोर्नियाच्या परवान्यावर शेजारच्या नेवाडांतील घर विकतां येत नाहीं. मुदतीहि निरनिराळ्या. टेक्सस व न्यू यॉर्क येथें परवाना दर दोन वर्षांनीं नवा करावा लागतो. कॅलिफोर्नियांत दर चार वर्षांनीं.

कॅलिफोर्नियानें हा कायदा प्रथम १९१७ सालीं केला. न्यायालयानें तो घटनाबाह्य ठरविला. १९१९ सालीं संस्थानानें नवा कायदा केला, आणि तो टिकला. आजच्या कायद्यांत धंद्याच्या दोन पायऱ्या आहेत. एक ब्रोकर, म्हणजे मुख्य दलाल. दुसरा सेल्सपर्सन, म्हणजे त्याचा सहायक. सहायकास स्वतंत्रपणें धंदा करतां येत नाहीं. त्याची दलालीदेखील त्याला मुख्य दलालाच्या हातूनच मिळते.

या परावलंबनाचा खरा अनुभव नूतनीकरणाच्या वेळीं येतो. समजा, सॅक्रामेंटो शहरांतील एका सहायक बाईंचा स्वतःचा परवाना चालू आहे. अभ्यास पुरा झाला आहे, फी भरलेली आहे. परंतु ज्या मुख्य दलालाच्या हाताखालीं त्या काम करतात, त्याच्या परवान्याची मुदत एप्रिलांत संपली आणि तो अर्ज करण्यास विसरला. त्या दिवसापासून बाईंचेंहि काम थांबलें. त्या पेढींत त्यांच्यासारखे दहाजण असले, तर दहांचेंहि थांबलें. मुख्य दलालानें परवाना नवा करावा, नाहींतर बाईंनीं दुसऱ्याच्या पेढींत नांव नोंदवावें. तोंपर्यंत घर दाखवावयाचें नाहीं कीं किंमतीची बोलणीं करावयाचीं नाहींत.

विसरणाऱ्याच्या मनांत बहुधा असें असतें कीं, जादा फी भरली म्हणजे मधले दिवस भरून निघतील. तसें होत नाहीं. मुदत संपल्यावर दोन वर्षांपर्यंत दीडपट फी देऊन परवाना परीक्षेवांचून मिळवितां येतो. पण तो मागील तारखेपासून अमलांत येत नाहीं. मधल्या काळांतील काम बिनपरवान्याचेंच राहतें. गिऱ्हाइकानें दलाली बुडविली, तर ती वसूल करण्यासाठीं फिर्याद लावणाऱ्यास हक्क उत्पन्न झाला त्या वेळीं आपला परवाना चालू होता असें सांगून सिद्ध करावें लागतें. तें सिद्ध न झाल्यास महिनोन्महिने केलेल्या प्रामाणिक कामाची दमडीहि पदरांत पडत नाहीं. शिवाय बिनपरवाना धंद्यास २०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे, ती वेगळीच. दोन वर्षेंहि उलटलीं, तर मात्र पुन्हां परीक्षेस बसावें लागतें.

विसरण्याच्या मानानें ही शिक्षा जड आहे, यांत शंका नाहीं. पण गिऱ्हाइकास दलालाची नियत पारखतां येत नाहीं. त्याच्या परवान्याची स्थिति मात्र खात्याच्या नोंदवहींत कोणासहि पाहतां येते. ती नोंद खरी राहावी, तर तारखेस सवलत देऊन चालत नाहीं. आणि जो वेळेवर जागा होतो, त्याला कायदा उदारपणें वागवितो. मुदत संपण्यापूर्वीं ९० दिवसांपासून अर्ज करतां येतो; सद्भावनेनें वेळेवर अर्ज केला असेल, तर खात्याकडून नकार येईपर्यंत काम चालू ठेवतां येतें.

अर्जापूर्वीं ४५ तासांचा अभ्यास करावा लागतो. चोवीस तासांत १५ तासांहून अधिक अभ्यासक्रमाच्या परीक्षा देतां येत नाहींत; म्हणजे सगळें ओझें शेवटच्या रात्रीं उरकण्याची सोय कायद्यानें ठेवलेली नाहीं. विषयांत धंद्याची नीति, गिऱ्हाइकाच्या पैशाचा सांभाळ, मुख्य दलालाची देखरेख हे तर आहेतच. पण घर देतांना सर्वांस समान वागणूक हा विषय त्यांत कां यावा, हें इतिहासावांचून कळणार नाहीं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंतील असंख्य खरेदीखतांत गोऱ्यांखेरीज इतरांस घर विकूं नये, अशा अटी असत. सर्वोच्च न्यायालयानें १९४८ सालीं अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांतून होणार नाहीं, असें ठरविलें. १९६३ सालीं कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानें घरांच्या बाबतींतील भेदभावास बंदी केली. लगेच दुसऱ्या वर्षीं दलालांच्याच संस्थेच्या पुढाकारानें त्या कायद्याविरुद्ध प्रस्ताव आला, आणि सुमारें दोनतृतीयांश मतदारांनीं तो मंजूर केला! संस्थानाच्या न्यायालयानें १९६६ सालीं व देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९६७ सालीं तो रद्द ठरविला. ज्या धंद्यानें भेदभाव टिकविण्यास हातभार लावला, त्यालाच आज हा पाठ दिला जातो. २०२३ पासून या पाठांत दलालानें एकदां गिऱ्हाइकाची व एकदां दलालाची भूमिका वठवून दाखवावी लागते, आणि नकळत मनांत वसणाऱ्या पूर्वग्रहांवर दोन तासांचें शिक्षणहि घ्यावें लागतें. तेवढ्यानें मनें बदलतील असें नाहीं. पण दारांत उभ्या असलेल्या कुटुंबाच्या जागीं स्वतःस ठेवून पाहणें, हें कांहीं थोडें नव्हे.

महाराष्ट्रांत स्थावर मिळकतीच्या दलालांची नोंदणी २०१६ च्या केंद्रीय कायद्यान्वयें २०१७ पासून होऊं लागली. तिची मुदत पांच वर्षांची. तेथेंहि २०२३ सालीं दलालांसाठीं शिक्षण व परीक्षा यांची अट आली.

कॅलिफोर्नियाच्या कायद्यांत वृद्धांसाठीं एक सवलत आहे. ज्याचें वय सत्तर वर्षें झालें आणि ज्यानें सलग तीस वर्षें निष्कलंकपणें परवाना बाळगला, त्याला ४५ तासांचा अभ्यास माफ आहे. अर्ज, फी आणि तारीख त्यालाहि आहेच.