देखभालीचा करार घ्यावा का?

संगणकातल्या सगळ्याच भागांचे आयुष्य सारखे नसते. प्रोसेसर सहसा वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. आजारी पडतात ते फिरणारे नि तापणारे भाग : पंखा, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क. गूगलच्या अभियंत्यांनी 2007 साली आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा हिशेब मांडला. पहिल्या वर्षात शंभरातल्या दोनांहूनही कमी निकामी झाल्या. तीन वर्षे वापरलेल्यांत हेच प्रमाण वर्षाला आठांवर गेले. म्हणजे वॉरंटी संपत येते तेव्हा खरी काळजी सुरू होते, आणि नेमका तेव्हाच विक्रेता वार्षिक देखभाल कराराचा कागद पुढे करतो.

सही करावी का? आमच्या अणदूरसारख्या गावात घरी एकच संगणक असेल, तर मी म्हणेन, घाई नको. तीच रक्कम दरवर्षी बाजूला टाका. एखादा भाग गेलाच तर त्यातून घेता येतो. दाखले काढून देणाऱ्या सेवा केंद्राचे मात्र तसे नाही. प्रवेशाच्या दिवसांत पोरे उत्पन्नाच्या, जातीच्या दाखल्यासाठी रांगेत उभी असतात. यंत्र दोन दिवस बंद म्हणजे कुणाची तरी तारीख हुकली. तिथे करार हवाच.

पण तो वाचून घ्या. एका प्रकारात सुटे भागही येतात, दुसऱ्यात फक्त दुरुस्तीची मजुरी. बॅटरी, टोनर बहुधा वगळलेले असतात. वीज कमी-जास्त होऊन जळालेला भागही पुष्कळदा वगळलेला असतो, आणि आपल्याकडे वळवाच्या पावसात भाग जळतात ते त्यानेच! तेव्हा आधी अर्थिंग तपासा, चांगला यूपीएस घ्या. ‘चोवीस तासांत माणूस येईल’ असे सांगितले, तर तो सोलापूरहून येणार की पुण्याहून, हे विचारा. येणे म्हणजे दुरुस्त होणे नव्हे. तोवर बदली यंत्र मिळेल का, तेही लिहून घ्या.

शिवाय करारातून यंत्र दुरुस्त होऊन मिळते, आतला मजकूर नव्हे. आम्हा कवींची वही भिजली तरी वाळवता येते. डिस्क गेली की एक ओळ उरत नाही. मजकुराची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या जागी ठेवा. आणि कारागीर बिघडलेली डिस्क बदलून जुनी सोबत नेऊ लागला, तर थांबवा. तिच्यात गावाच्या आधार कार्डांच्या प्रती असतात. ती आपल्याकडेच राहील, हे कलम सहीआधी घालून घ्या.