'बैठी' म्हणजे आळशी नव्हे

'बैठी जीवनशैली' हा शब्दप्रयोग आपल्या वाचनात वारंवार येतो. इंग्रजीतील 'सेडेंटरी' या शब्दासाठी आपण तो वापरतो. पण त्याचा अर्थ 'आळशी माणसाचे जगणे' असा घेतला जातो, आणि तिथेच घोटाळा होतो.

लॅटिनमध्ये 'सेडेरे' म्हणजे बसणे. त्यापासून झालेला हा शब्द सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. पाण्याच्या तळाशी बसणारा गाळ, म्हणजे 'सेडिमेंट', याच कुळातला. संस्कृतातील 'सद्' हा धातूही त्यांचा सगोत्र. सदन, संसद, सभासद हे शब्द त्यावरूनच आले. (गंमत अशी, की आपले 'बसणे' आणि 'बैठक' मात्र 'उप + विश्' यावरून आले आहेत.) पक्षिशास्त्रात स्थलांतर न करणाऱ्या पक्ष्याला 'सेडेंटरी' म्हणतात. त्याला आळशी कोण म्हणेल?

इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात शिंपी, जोडे शिवणारे अशा बसून काम करणाऱ्यांचा वेगळा विचार आहे. ही माणसे कष्टकरीच होती. १९५३ साली जेरेमी मॉरिस व सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांत हृदयविकार अधिक आढळला. ड्रायव्हरही काही रिकामे बसलेले नव्हते.

आज संशोधक 'बैठे' कशाला म्हणतात? जागेपणी बसून, रेलून किंवा पडून केलेली, आणि शांत बसल्यावर लागते त्याच्या दीडपट किंवा त्याहून कमी ऊर्जा लागणारी कृती. झोप यात धरत नाहीत. व्यायामाचा अभाव ही वेगळी गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल सुचवली, आणि बसण्याचा वेळ मर्यादित ठेवावा हे निराळे सांगितले. म्हणजे सकाळी तासभर खेळलेले मूलही उरलेला दिवस 'बैठे' असू शकते. शाळेत तर त्याला बाकावर आपणच बसवलेले असते. अधूनमधून वर्गाला उभ्याने पाढे म्हणायला लावले, तर तेवढा वेळ व्याख्येनुसार बैठा राहत नाही. तो व्यायाम मात्र नव्हे, मैदानाचा तास वेगळाच लागतो.