हरणांच्या शिकारीसाठी रायफलच्या कॅलिबरची निवड

रायफलच्या नळीच्या आतील व्यासास कॅलिबर किंवा रूढ भाषेत 'बोअर' असे म्हणतात. हरणाच्या शिकारीसाठी योग्य कॅलिबर कोणते, हे प्राण्याचे वजन, गोळीची ऊर्जा व रचना, अंतर आणि नेमबाजाचे कौशल्य यांवर ठरते. ज्या देशांत अशी शिकार कायदेशीर आहे, तेथे प्राणी यातनांविना एकाच गोळीत मरावा हा निवडीचा मुख्य निकष मानला जातो. भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांच्या शिकारीस बंदी आहे. त्यामुळे पुणे जिल्ह्यातील हिंजवडी येथे किंवा महाराष्ट्रात अन्यत्र राहणाऱ्या शस्त्रपरवानाधारकास केवळ हौसेखातर हरीण मारण्यासाठी कोणतेही कॅलिबर वैध ठरत नाही.

संज्ञा व मापन

कॅलिबर इंचाच्या दशांश अपूर्णांकात किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. काडतुसाचे नाव आणि गोळीचा प्रत्यक्ष व्यास नेहमी जुळतातच असे नाही. उदाहरणार्थ, .२७० विंचेस्टर या काडतुसातील गोळीचा व्यास ०.२७७ इंच (सुमारे ७ मि.मी.) असतो, तर .३०-०६ स्प्रिंगफील्ड या नावातील '०६' हा आकडा १९०६ या वर्षाचा निदर्शक आहे. छऱ्याच्या बंदुकीचा 'बारा बोअर' हा शब्द मात्र वेगळ्या पद्धतीने आला आहे. एक पाउंड शिशाच्या समान आकाराच्या बारा गोळ्या केल्यास त्यांपैकी एका गोळीचा जो व्यास येतो, तो त्या नळीचा व्यास होय. म्हणून या मोजमापात आकडा जितका लहान, तितकी नळी मोठी असते.

गोळीची ऊर्जा

केवळ व्यासावरून गोळीचा परिणाम कळत नाही. गतिज ऊर्जा ही गोळीचे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी असते. म्हणजेच वेग दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट होते. .२२ लाँग रायफल आणि .२२३ रेमिंग्टन या दोन्ही काडतुसांतील गोळ्यांची जाडी जवळपास सारखीच, सुमारे ५.७ मि.मी. असते. पहिल्या काडतुसाच्या २.६ ग्रॅम वजनाच्या गोळीची ऊर्जा नळीच्या तोंडाशी सुमारे १४० जूल असते. दुसऱ्यातील ३.६ ग्रॅम वजनाची गोळी सेकंदाला सुमारे ९९० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १,७०० जूलच्या वर जाते. व्यास एक असूनही ऊर्जेत सुमारे बारा पटींचा फरक पडतो.

याच कारणाने इंग्लंड व वेल्समधील डिअर ॲक्ट, १९९१ या कायद्यात व्यास आणि ऊर्जा या दोहोंच्या किमान मर्यादा घातल्या आहेत. सर्वसाधारण हरणांसाठी किमान ०.२४० इंच कॅलिबर व १,७०० फूट-पाउंड (सुमारे २,३०५ जूल) ऊर्जा आवश्यक असते. छोट्या मुंटजॅक हरणासाठी ही मर्यादा ०.२२० इंच व १,००० फूट-पाउंड अशी आहे.

गोळीची रचना

शिकारीच्या गोळीचे टोक मऊ किंवा पोकळ असते. शरीरात शिरल्यावर ती फुलते व आपली ऊर्जा तेथेच सोडते. पूर्ण धातूचे आवरण असलेली गोळी प्राण्याच्या आरपार निघून जाते आणि जखमी प्राणी दूरवर पळून तडफडत मरतो. कोलकात्याजवळील दमदम येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार झालेल्या फुलणाऱ्या गोळ्या 'दमदम गोळ्या' म्हणून ओळखल्या गेल्या. १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. हरणांच्या शिकारीत मात्र ब्रिटिश कायदा अशीच गोळी वापरण्याचे बंधन घालतो.

प्राण्यानुसार निवड

मराठीतील 'हरीण' या शब्दात दोन वेगळ्या कुळांतील प्राणी येतात. सांबर, चितळ व भेकर हे दरवर्षी शिंगे गाळणाऱ्या मृगकुलातील, तर काळवीट, चिंकारा व चौशिंगा हे कायम शिंगे असणाऱ्या गवयकुलातील आहेत. त्यांच्या वजनांत मोठी तफावत आहे. भेकर साधारण २० ते २८ किलोग्रॅमचे, चितळाचा पूर्ण वाढलेला नर ७० ते ९० किलोग्रॅमचा, तर सांबराचा मोठा नर २०० किलोग्रॅमच्याही पुढे जातो.

परदेशांत मध्यम आकाराच्या हरणांसाठी १९५५ मध्ये आलेले .२४३ विंचेस्टर पुरेसे मानतात. त्याची ६.५ ग्रॅमची गोळी सुमारे २,६०० जूल ऊर्जा देते. मोठ्या हरणांसाठी .२७० विंचेस्टर, ७×५७ माउझर, .३०८ विंचेस्टर व .३०-०६ स्प्रिंगफील्ड ही काडतुसे प्रचलित आहेत. .३०-०६ ची ११.७ ग्रॅमची गोळी सुमारे ३,९०० जूल ऊर्जा देते. .३७५ हॉलंड अँड हॉलंड (१९१२) हे काडतूस मोठ्या व धोकादायक प्राण्यांसाठी असून हरणासाठी गरजेपेक्षा फार अधिक शक्तीचे आहे.

धक्का व अचूकता

ऊर्जा वाढते तसा रायफलचा खांद्यावर बसणारा धक्काही वाढतो. धक्क्याच्या भीतीने नेमबाज चाप ओढताना दचकतो आणि नेम चुकतो. खांद्यामागील हृदय व फुप्फुसांच्या भागात मध्यम कॅलिबरची गोळी लागल्यास प्राणी लवकर मरतो. पोटात किंवा पायात मोठ्या कॅलिबरची गोळी लागल्यास तो जखमी होऊन निसटतो. म्हणून किमान ऊर्जेची अट पूर्ण करणाऱ्या कॅलिबरांपैकी जे नेमबाजाला स्थिरपणे चालवता येते, ते अधिक योग्य ठरते. नेम चुकलेली किंवा आरपार गेलेली गोळी काही किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. हा धोका लक्षात घेऊन अमेरिकेतील इलिनॉय राज्याने हरणांच्या शिकारीत दीर्घकाळ रायफलऐवजी कमी पल्ल्याच्या शॉटगनचीच मुभा दिली होती.

भारतातील इतिहास

बंडखोरांच्या हाती लष्करी दारूगोळा पडू नये म्हणून ब्रिटिश सरकारने १९०७ मध्ये भारतात .४५० कॅलिबरच्या रायफलींवर निर्बंध घातले. त्यामुळे इंग्लंडमधील बंदूक उत्पादकांनी .४७० सारखी नवी कॅलिबरे आणली. त्याच वर्षी चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना भेट मिळालेली रायफल .२७५ रिग्बी, म्हणजेच ७×५७ माउझर, या मध्यम कॅलिबरची होती.

सैन्याची .३०३ रायफल नागरिकांना मिळत नसल्याने भारतात .३१५ (८ मि.मी.) हे कॅलिबर रूढ झाले. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात या कॅलिबरच्या शिकारी रायफली तयार झाल्या. पुण्यातील खडकी येथे १८६९ मध्ये स्थापन झालेल्या दारूगोळा कारखान्याची 'के. एफ.' ही खूण .३१५ काडतुसांच्या बुडाशी आढळते. सह्याद्रीच्या परिसरात मात्र रायफलपेक्षा ठासणीची बंदूक व बारा बोअरची छऱ्याची बंदूक अधिक प्रचलित राहिली. पिकांच्या राखणीसाठी शेती संरक्षण परवान्यावर त्या दिल्या जात.

कायदेशीर स्थिती

मुंबई राज्यात १९५१ च्या वन्य पशू व पक्षी संरक्षण कायद्याने शिकारीचे नियमन होत असे. १९७२ च्या केंद्रीय अधिनियमाने संरक्षण कडक केले, तरी काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने देण्याची सोय त्यात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने रद्द झाली. काळवीट व चिंकारा हे अनुसूची १ मध्ये असून त्यांच्या शिकारीबद्दल किमान तीन व कमाल सात वर्षे कारावास आणि किमान २५,००० रुपये दंडाची शिक्षा आहे.

मानवी जीवितास किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेस धोका निर्माण झाल्यास, अनुसूची १ मध्ये नसलेल्या प्राण्याबाबत अधिनियमाच्या कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा प्राधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात ही तरतूद प्रामुख्याने रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्या संदर्भात चर्चेत येते. अशा परवानगीने मारलेला प्राणीही कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता असतो.

हिंजवडी व पुणे परिसर

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. आयुक्तालयाच्या हद्दीत शस्त्र परवान्याचे अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतात. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार सर्वसाधारण परवानाधारकास दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात. मात्र शस्त्र बाळगण्याचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. याच तालुक्यात ताम्हिणी अभयारण्य (२०१३) आहे. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य (१९९७) चिंकारासाठी प्रसिद्ध आहे.

हिंजवडीपासून जवळच म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल असून १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा तेथे झाल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवणारे स्वप्नील कुसाळे यांनी या संकुलातील नेमबाजी केंद्रात सराव केला. या प्रकारात .२२ लाँग रायफल हेच काडतूस वापरतात. हरणासाठी अत्यंत अपुरे ठरणारे हे काडतूस कागदी लक्ष्यावरील अचूकतेसाठी मात्र जगभर प्रमाण मानले जाते.