थिंबल ठोकायचे की दाबायचे?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे गडचिरोलीत कुणाला नवे नाही. जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून दूर. अशा रात्री दवाखान्यातला दिवा, मोबाइलचे चार्जिंग, सगळे इन्व्हर्टरच्या किंवा सौर संचाच्या बॅटरीवर येऊन ठेपते. मग दिवे मिणमिणू लागले की ‘बॅटरी मेली’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण बॅटरी धडधाकट असते आणि दोष केबलच्या टोकाच्या तांब्याच्या छोट्या नळीत असतो, असेही घडते. कॅटलॉगात तिला लग म्हणतात, दुकानात थिंबल. ती तारेवर कशाने दाबावी याबद्दल गैरसमज फार आहेत, आणि आपल्या जंगलपट्टीत ते महागात पडतात.

पहिला गैरसमज असा की १२ व्होल्ट म्हणजे किरकोळ वीज, जोड थोडा ढिला राहिला तरी चालतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला अँपिअर जास्त लागतात. इन्व्हर्टरवर ६०० वॅटचा भार असेल तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून, इन्व्हर्टरमधली घट धरून, ६० अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो. वाईट जोडाचा रोध केवळ १० मिलीओहम धरा. तेवढ्याने ०.६ व्होल्ट तिथेच गळतात आणि ३६ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंग इस्त्री साधारण एवढ्याच वॅटची असते. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर जातो, तेव्हा बंद खोलीतल्या त्या जोडाची काय गत होत असेल?

‘हातोड्याने दोन ठोके दिले की थिंबल बसते.’ बसते, पण कसे बसले ते कळत नाही. चांगल्या दाबात तारेचे बारीक पदर एकमेकांत आणि नळीच्या भिंतीत इतके घट्ट मिसळतात की मधली हवा निघून जाते. हवा नाही, ओल नाही, म्हणून आतले तांबे काळे पडत नाही. ठोक्याचा जोर दर वेळी वेगळा असतो. एका बाजूला खोल खळगा पडतो, दुसऱ्या बाजूला पोकळी राहते. त्या पोकळीत पावसाळ्याची दमट हवा आणि बॅटरीची आम्लाची वाफ शिरते, आणि काही महिन्यांत हिरवट-निळी बुरशीसारखी पूड दिसू लागते. पकडीबद्दल तर बोलायलाच नको. जाड केबलवर तिचा दाब पुरतच नाही.

मग मोठे हायड्रॉलिक हत्यार घेतले की प्रश्न मिटला? इथे जाणकारही फसतात. काम जोर करत नाही, साचा करतो. थिंबलवर ‘२५-८’ असे कोरलेले असते: २५ चौरस मिलिमीटरची तार आणि ८ मिलिमीटरच्या बोल्टचे छिद्र. तार, थिंबल आणि साचा, तिन्ही एकाच मापाचे हवेत. साचा लहान पडला तर नळीच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे कान बाहेर येतात आणि आतले पदर कापले जातात. मोठा पडला तर ओढल्यावर तार सरकते. स्वस्त साच्यांवरचा आकडा नेहमी खरा असतोच असे नाही. म्हणून हत्यार नवे घेतले की एक थिंबल वाया घालवावे: दाबून हॅकसॉने आडवे कापावे आणि पाहावे. काप भरीव तांब्यासारखा दिसला तर साचा योग्य. पदरांमध्ये काळी भोके दिसली तर नाही. मला ही परीक्षा कुठल्याही हमीपत्रापेक्षा मोलाची वाटते.

सोल्डरचा मोह मात्र सुटत नाही. नेहमीचे शिसे-कथलाचे सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळू लागते, म्हणजे जोड तापला की धरून ठेवणारेच सैल होते. शिवाय ते तारेत वर चढते, तिथे तार ताठ होते आणि हादऱ्याने नेमकी त्याच जागी तुटते. ट्रॅक्टरवाल्यांना हे सांगायला नको. समुद्रावरच्या शिडाच्या बोटींनाही हाच त्रास. अमेरिकेतल्या बोटींचे एबीवायसी मानक तार धरून ठेवण्यासाठी एकट्या सोल्डरवर विसंबू देत नाही. बॅटरीच्या लगला अपवाद आहे, पण तिथेही सोल्डरची लांबी तारेच्या व्यासाच्या किमान दीडपट हवी. आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याच्याजवळ ज्योत किंवा तापलेली इस्त्री नेणे जिवावरचे आहे.

तार थिंबलमध्ये जात नाही म्हणून चार पदर कापणे, ॲल्युमिनियमच्या तारेला तांब्याचे थिंबल लावणे, उघड्या टोकाला नुसती टेप गुंडाळणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. टेपऐवजी आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी वापरावी आणि बोल्ट आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन लावावे.

ताडोब्याच्या आसपास शेताला सौर कुंपण असते, त्याचा प्रवाह थोडा. तिथे जोड तापत नाही, पण गंजला की बॅटरी पुरती भरत नाही आणि झटका मंदावतो. रानडुकराला ते आपल्याआधी कळते. त्या बारीक तारांना हाताचे रॅचेटचे हत्यार पुरे. पूर्ण दाब बसल्याशिवाय ते उघडत नाही, हाच त्याचा गुण.

जाड केबलचे हायड्रॉलिक हत्यार काही हजारांचे, वर्षातून दोनदा लागणारे. ते घरोघरी कशाला? बांबू-तेंदूचे उत्पन्न असलेल्या ग्रामसभांनी गावासाठी एक घ्यावे, साच्यांसकट. मृग लागण्याआधी प्रत्येक बॅटरीवर भार टाकून मल्टिमीटरने थिंबल आणि टर्मिनल यांच्यामधले मिलिव्होल्ट मोजावेत. एका जोडाचा आकडा बाकीच्यांहून बराच जास्त आला तर तो उघडून साफ करावा. तारेच्या बाजूने थिंबल तापत असेल तर टोक कापून नव्याने दाबावे. दोन्ही टोकांना थिंबल दाबलेली एक जादा केबल दवाखान्याच्या भिंतीला टांगून ठेवावी. पुराच्या रात्री ती बदलायला एक पान्हा पुरतो.